वीज तयार होण्याआधीचा कचरा

पवनचक्कीचं पातं साच्यातून उचलण्याआधी कारखान्यात एक काम उरकावं लागतं. सत्तर मीटर लांबीच्या साच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेलं पारदर्शक प्लास्टिकचं आवरण कामगार ओढून काढतात. त्याखाली एक जाळी असते, जाळीखाली विणलेल्या कृत्रिम कापडाचा थर, मधूनमधून बोटभर जाडीच्या नळ्या आणि कडेने चिकटपट्टी. काही तासांपूर्वी द्रव असलेलं रेझिन या सगळ्यात मुरलेलं असतं आणि आता ते टणक झालेलं असतं. कापडाचा थर चर्रकन उखडतो, नळ्या मात्र कापूनच काढाव्या लागतात. पात्याचा एक अर्धा भाग उघडा पडतो आणि शेजारी जमिनीवर ढीग साठतो. त्या ढिगातली एकही वस्तू पात्याचा भाग होणार नसते, आणि जवळपास कुठलीच पुन्हा वापरता येणार नसते.

पवनऊर्जेच्या कचऱ्याचं चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते मात्र वेगळं. २०२० च्या सुमारास अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या कॅस्पर शहराच्या कचरा डेपोचे फोटो जगभर फिरले. वाळूच्या खड्ड्यात ओळीने मांडलेले पांढऱ्या पात्यांचे तुकडे आणि त्यांच्यावर माती लोटणारा बुलडोझर, असं ते दृश्य होतं. तेव्हापासून पात्यांच्या कचऱ्याबद्दल जे काही बोललं जातं ते बहुतेक निवृत्त पात्यांबद्दल. वीस-पंचवीस वर्षं फिरून थकलेल्या पात्यांचं काय करायचं, हा प्रश्न खराच आहे. पण कचरा तिथे सुरू होत नाही. पातं एकदाही फिरलेलं नसतं, त्याने एक युनिटही वीज दिलेली नसते, तेव्हाच त्याच्या नावावर काही टन कचरा जमा झालेला असतो.

हा अंदाज कुणा विरोधकाचा नाही, उद्योगाचा स्वतःचाच आहे. डेन्मार्कमधून वाढलेल्या एलएम विंड पॉवर या पाती बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने २०२१ साली जाहीर केलं की २०३० पर्यंत ‘शून्य कचऱ्याची पाती’ बनवायची. त्या वेळी तिने एक हिशेबही मांडला होता. पात्यांसाठी विकत घेतलेल्या मालापैकी सुमारे वीस ते पंचवीस टक्के माल तयार पात्यात जातच नाही. म्हणजे चार ट्रक माल कारखान्यात आला, तर जवळजवळ एक ट्रक कचऱ्याच्या दाराने बाहेर पडतो. पुढची काही वर्षं तरी हा कचरा मोडीत निघणाऱ्या पात्यांपेक्षा जास्त असेल, असंही तेव्हा सांगितलं गेलं.

इतकी नासाडी का होते हे समजायला पातं कसं बनतं ते पाहावं लागतं. एलएमची सुरुवात १९४० साली लाकडी फर्निचर बनवणारा कारखाना म्हणून झाली. पुढे तिथे फायबरग्लासच्या होड्या आणि कॅरॅव्हॅन बनू लागल्या आणि १९७८ मध्ये पहिली पाती तयार झाली. होडी बांधायची पद्धत पात्याला लागू पडली आणि आजही तिचा गाभा तोच आहे. साचा, त्यात काचतंतूंच्या कापडाचे थर, त्या थरांत भिनवलेलं रेझिन, मग उष्णता. पात्याच्या वजनात साधारण साठ ते सत्तर टक्के तंतू असतात आणि उरलेलं बहुतेक रेझिन. आकार दहापट वाढला, यंत्रं आली, तरी शंभर-शंभर माणसांचे हात अजूनही साच्याभोवती राबतात.

पहिला कचरा कापडाच्या टेबलावर पडतो. काचतंतूंचं कापड सरळ रुंदीच्या गुंडाळ्यांत येतं आणि पातं मात्र बुंध्याशी गोल, मध्ये फुगीर, टोकाला निमुळतं आणि वर पीळ दिलेलं. त्यामुळे शिंप्याच्या टेबलाखाली साठावीत तशी कात्रणं इथे साठतात, फक्त टनांच्या हिशेबाने. ही कात्रणं कोरडी असतात, रेझिनचा थेंबही लागलेला नसतो. काच वितळवायला १४०० अंश सेल्सियसच्या वर तापमान लागतं, त्यातून ओढलेला धागा विणून हे कापड होतं, आणि त्यातला बराच भाग न वापरताच फेकला जातो. खरं तर सगळ्या कचऱ्यात हा सर्वांत स्वच्छ. बारीक तुकडे करून तो प्लास्टिकच्या वस्तूंना बळकटी देण्यासाठी वापरता येतो. पण नवी काच इतकी स्वस्त मिळते की कात्रणं वेगळी ठेवायची, गाठोडी बांधायची आणि शेकडो किलोमीटर पाठवायची हा खर्च कुणाच्या गळी उतरत नाही.

दुसरा कचरा रेझिनचा. आज बहुतेक ठिकाणी इपॉक्सी वापरतात, काही ठिकाणी पॉलिएस्टर. रेझिन आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर एकत्र झाले की घड्याळ सुरू होतं. मिश्रण ठरावीक वेळातच वापरावं लागतं. बादलीत उरलेलं मिश्रण स्वतःच्याच रासायनिक उष्णतेने तापत जातं, धूर सोडतं, कधी पेटही घेतं. म्हणून उरलेला माल पसरट भांड्यात पातळ ओतून घट्ट होऊ द्यावा लागतो आणि मग टाकावा लागतो. हत्यारं आणि नळ्या पुसायला ॲसिटोनसारखी द्रावकं लागतात. त्या चिंध्या आणि ते वापरलेलं द्रावक घातक कचऱ्यात जातं.

मग लेखाच्या सुरुवातीला आलेला ढीग. निर्वात पोकळी तयार करून रेझिन आत ओढण्याची पद्धत खूप चांगली आहे. त्यामुळे पात्यात हवेचे बुडबुडे राहत नाहीत आणि कामगारांच्या श्वासात जाणारी वाफ कमी होते. पण त्यासाठी लागणारं आवरण, जाळी, सोलायचा कापडी थर, नळ्या, चिकटपट्टी हे सगळं एकदाच वापरायचं असतं. नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिएथिलीन आणि घट्ट झालेलं इपॉक्सी एकमेकांत असं रुतून बसतं की भंगारवालाही हात लावत नाही. भारतातल्या भंगार व्यवसायाला जवळपास कशातूनही दोन पैसे काढता येतात, त्यामुळे तो ज्याला नाही म्हणतो तो कचरा खरोखर अवघड समजावा.

पात्याचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांना चिकटवल्यावर कडेला बाहेर आलेला भाग हिऱ्याच्या धारेच्या करवतीने कापतात, बुंध्यात बोल्टसाठी भोकं पाडतात, रंगाआधी पृष्ठभाग घासतात. इथे तयार होणारी धूळ हा कचऱ्याचा वजनाने लहान पण माणसाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रकार. त्यात काचेचे बारीक कण असतात. कातडीला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, आणि मास्क नीट नसेल तर धूळ छातीत जाते. इपॉक्सी आणि त्याच्या हार्डनरची ॲलर्जी ही पाती बनवणाऱ्या कामगारांची जुनी तक्रार आहे. एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे थोडासा स्पर्शही पुरतो आणि अनेकांना ते काम कायमचं सोडावं लागतं. पॉलिएस्टर रेझिनमधून स्टायरीनची वाफ निघते. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. पर्यावरणावरचा परिणाम म्हणताना कारखान्याच्या भिंतीबाहेरची माती आणि नदीच आठवते. भिंतीच्या आतली हवाही पर्यावरणच आहे, आणि ती रोज आठ-दहा तास काही माणसांच्या फुप्फुसांत असते.

साच्यांचा हिशेब तर सहसा कुणी करतच नाही. साचा हा स्वतः काचतंतू आणि रेझिनचाच असतो, आत तापवायच्या तारा आणि खाली पोलादी सांगाडा. एका साच्यातून शेकडो पाती निघू शकतात. पण पात्यांची लांबी वाढवण्याची स्पर्धा इतकी तीव्र आहे की साचा झिजण्याआधीच त्याचं मॉडेल जुनं होतं. फ्रान्समधल्या शेरबुर्ग इथे २०१९ मध्ये १०७ मीटरचं पातं तयार झालं, आणि आता चीनमधल्या कंपन्यांनी त्याच्याही पुढे मजल मारली आहे. मॉडेल बदललं की साचा भंगारात. सांगाड्याचं पोलाद विकलं जातं, वरचा भाग जमिनीत जातो.

कारखान्याच्या कुंपणापासून फार दूर पडणारा परिणामही आहे, आणि तो पात्याच्या पोटात लपलेला असतो. पातं हलकं राहूनही वाकू नये म्हणून त्याच्या दोन थरांमध्ये हलकं लाकूड भरतात. हे बाल्साचं लाकूड. हे झाड चार ते सहा वर्षांत तोडणीला येतं आणि जगाला लागणाऱ्या बाल्साचा बहुतांश भाग एकट्या इक्वेडोर देशातून येतो. १९४७ मध्ये थोर हेयरडालने पॅसिफिक महासागर ओलांडला तो कॉन-टिकी तराफा याच लाकडाचा होता.

२०१९-२० मध्ये चीनमध्ये सरकारी अनुदानाची मुदत संपण्याआधी पवनचक्क्या उभारण्याची घाई उडाली. बाल्साचे भाव पाहता पाहता जवळपास दुप्पट झाले. इक्वेडोरमधल्या लागवडीची झाडं पुरेनात, तेव्हा तोडणी करणारी टोळकी ॲमेझॉनच्या जंगलात, नद्यांकाठी आपोआप उगवलेल्या बाल्साकडे वळली. पास्ताझा प्रांतात अचुआर आणि वाओरानी या आदिवासी समाजांच्या भूमीत लाकूडतोडे शिरले. बेटांवरची झाडं गेली, किनारे उघडे पडले. पाठोपाठ दारू आली, पैशावरून गावांत फूट पडली, आणि हे सगळं करोनाच्या साथीत, जेव्हा बाहेरचा माणूस गावात येणं हाच धोका होता. नंतर मागणी ओसरली. पात्यांत पीईटी प्लास्टिकच्या फोमचा वापर वाढला, त्यातला काही पाण्याच्या जुन्या बाटल्यांपासून बनतो. पण तोडलेल्या किनाऱ्यांना त्याचा उपयोग नव्हता. स्वच्छ विजेसाठी ॲमेझॉनचं जंगल तोडलं जावं याहून खेदाची गोष्ट या उद्योगाच्या इतिहासात शोधून सापडणार नाही. आणि त्या लाकडाचाही एक हिस्सा पात्याच्या आकारात ठोकळे कापताना भुसा होऊन उडाला.

मोठ्या पात्यांच्या कण्यात कार्बन तंतू वापरतात. ते काचतंतूंपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा खातात, कारण मूळ प्लास्टिकचा धागा हजार अंशांच्या वर भाजावा लागतो आणि त्यात जवळपास निम्मं वजन वायू होऊन जातं. पण कार्बन महाग, म्हणून त्याची कात्रणं वाचवणं परवडतं. ती गोळा करणारे, भाजून तंतू वेगळे करणारे कारखाने युरोपात आहेत. काच आणि कार्बन यांच्यातला हा फरकच सगळं सांगतो. कुठला माल पुन्हा वापरला जातो हे शेवटी त्याची किंमत ठरवते.

एवढं सगळं वाचून पवनऊर्जेवर काट मारायची घाई कुणी करू नये. केंब्रिज विद्यापीठातल्या पू लिऊ आणि क्लेअर बार्लो या संशोधकांनी २०१७ मध्ये अंदाज मांडला की २०५० पर्यंत जगात पात्यांचा कचरा एकूण ४.३ कोटी टन होईल. त्यांनी निवृत्त पात्यांबरोबर कारखान्यातला आणि देखभालीतला कचराही मोजला होता. आता भारतातल्या औष्णिक वीज केंद्रांकडे पाहू. त्यांच्यातून दर वर्षी ३० कोटी टनांहून जास्त राख बाहेर पडते. म्हणजे सगळ्या जगाचा, कित्येक दशकांचा पात्यांचा कचरा आपली कोळशाची केंद्रं दोन महिन्यांच्या आत राखेच्या रूपाने तयार करतात. कोराडी आणि चंद्रपूरच्या वीज केंद्रांच्या आसपास राहणाऱ्यांना राख म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शिवाय पवनचक्की तिच्या उभारणीला लागलेली ऊर्जा साधारण वर्षभरात परत करते.

तरीही कारखान्यातल्या कचऱ्याला माफी देता येत नाही. त्याचं कारण असं की कचऱ्याच्या सगळ्या प्रकारांत हाच आवरायला सर्वांत सोपा आहे. निवृत्त पातं डोंगरावर असतं, त्यात काय काय भरलंय याची कागदपत्रं हरवलेली असतात, त्याला खाली आणायला क्रेन आणि कापायला यंत्र लागतं. कारखान्यातला कचरा एका छपराखाली, रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर तयार होतो. कशात काय आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तिथेही तो एकाच डब्यात कोंबला जात असेल तर दोष तंत्रज्ञानाचा नाही.

तंत्रज्ञानाची अडचण पुढे येते, रेझिन घट्ट झाल्यावर. इपॉक्सीच्या साखळ्या एकमेकींना आडव्या-उभ्या बांधल्या जातात आणि मग कितीही तापवलं तरी तो माल वितळत नाही, फक्त जळतो. जमिनीत पुरला तर फारसा विरघळत नाही, फारसं विष सोडत नाही, पण जातही नाही. उघड्यावर जाळला तर गुदमरवणारा धूर होतो आणि काचेचे तंतू हवेत उडतात. कचरा जाळणाऱ्या भट्टीत टाकला तर वजनाचा मोठा भाग काच असल्याने राखच जास्त उरते, आणि ती पुन्हा डेपोत जाते. ऑक्सिजनशिवाय भाजून रेझिन घालवता येतं, पण त्या उष्णतेत काचतंतूंची ताकद निम्म्याहून जास्त घटते.

म्हणून सध्या सर्वांत व्यवहार्य मार्ग सिमेंटच्या भट्टीचा आहे. जर्मनीने असा माल जमिनीत पुरायला २००० च्या दशकातच बंदी घातली, आणि उत्तरेकडच्या लेगरडॉर्फच्या सिमेंट कारखान्यात पात्यांचा चुरा जाऊ लागला. रेझिन जळून उष्णता देतं आणि काचेतली वाळू, चुना, ॲल्युमिना क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या मूळ घटकात, मिसळतात. राखसुद्धा उरत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक आणि व्हेओलिया यांनी हाच मार्ग धरला. त्यांच्या अभ्यासानुसार अशा सिमेंटमागचं कार्बन उत्सर्जन २७ टक्क्यांनी घटतं. तांत्रिक मर्यादा एकच आहे. पात्यांच्या काचेत बहुधा बोरॉन असतो आणि बोरॉन जास्त झाला की सिमेंट उशिरा घट्ट होतं, त्यामुळे प्रमाण जपावं लागतं.

भारतात यासाठी नियमाची वाट पाहायची गरज नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्येच न वितळणाऱ्या प्लास्टिकच्या आणि फायबरग्लासच्या कचऱ्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात सिमेंट भट्टीला पसंती दिली. चंद्रपूर जिल्ह्यातच सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. अडतं ते वाहतुकीवर आणि चुरा करण्यावर. हलका, फुगीर, तंतू सुटलेला हा माल ट्रकमध्ये जागा जास्त खातो आणि वजन कमी भरतो.

त्याहून मूळ उपाय रेझिन बदलण्याचा आहे, आणि त्यात एक भारतीय दुवा आहे. सीमेन्स गमेसाने २०२१ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑलबोर्गला ८१ मीटरची पहिली सहा ‘पुनर्वापरयोग्य’ पाती बनवली आणि पुढच्या वर्षी ती जर्मनीच्या कास्कासी समुद्री प्रकल्पात फिरू लागली. त्या पात्यांतलं रेझिन सौम्य आम्लात गरम केलं की सुटं होतं आणि तंतू, लाकूड, धातू वेगवेगळे निघतात. त्यामागचं रिसायक्लामाइन हे हार्डनर आदित्य बिर्ला समूहाच्या रसायन विभागाचं आहे. डेन्मार्कच्याच आऱ्हूस विद्यापीठाने २०२३ मध्ये जुन्या इपॉक्सीच्याही साखळ्या तोडून दाखवल्या. या बातम्या निवृत्त पात्यांच्या संदर्भात छापल्या जातात. पण अशा रेझिनचा पहिला लाभ कारखान्यात मिळू शकतो. वीस वर्षांनी येणाऱ्या पात्याची वाट न पाहता कडेचे कापलेले तुकडे, नळ्यांत गोठलेलं रेझिन त्याच आठवड्यात वेगळं करता येईल. तोवरही करण्यासारखं बरंच आहे. कापड कमीत कमी वाया जावं अशी संगणकी आखणी, पुन्हा पुन्हा वापरता येणारी सिलिकॉनची आवरणं, पात्याच्या कण्यासाठी आधीच सलग ओढून बनवलेल्या कार्बनच्या पट्ट्या, आणि प्रत्येक कचऱ्याचा वेगळा डबा.

महाराष्ट्राचा पवनऊर्जेशी संबंध जुना आहे. १९८६ मध्ये देशातल्या अगदी पहिल्या पवनचक्क्या रत्नागिरीत, गुजरातमधल्या ओखा इथे आणि तमिळनाडूत उभ्या राहिल्या. ५५ किलोवॅटची यंत्रं, पाती जेमतेम सात-आठ मीटरची. आज पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनच्या ३ मेगावॅट यंत्राचा पंखा १४४ मीटर व्यासाचा आहे, म्हणजे एकेक पातं सत्तर मीटरच्या घरात. साताऱ्याच्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवरची जुनी लहान यंत्रं आता काढण्याच्या वयाला आली आहेत. केंद्राने २०२३ मध्ये जुनी यंत्रं काढून तिथे मोठी बसवण्याचं धोरण आणलं आहे. २ मेगावॅटच्या खालच्या यंत्रांच्या जागी अशी २५ गिगावॅटहून जास्त क्षमता उभी राहू शकते, असा राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे डोंगरावरून जुनी पाती खाली येणार आणि त्याच वेळी नव्या पात्यांसाठी कारखाने तिन्ही पाळ्यांत चालणार.

शिवाय भारत पाती फक्त स्वतःसाठी बनवत नाही. चेन्नई आणि बंगळुरूजवळच्या कारखान्यांतून ती परदेशीही जातात. युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या ग्राहकाला स्वच्छ वीज मिळते, वीस वर्षांनी निवृत्त पात्याची जबाबदारीही त्याचीच असते. पण कापडाची कात्रणं, रेझिनच्या बादल्या, धूळ आणि साचे हे सारं जिथे पातं बनलं तिथेच मागे राहतं. निर्यातीचे आकडे अभिमानाने सांगताना या मागे राहिलेल्या भागाचा उल्लेख होत नाही.

देशाची पवनऊर्जा क्षमता २०२५ मध्ये ५० गिगावॅटच्या पुढे गेली. २०३० पर्यंत ती १०० गिगावॅटच्या आसपास न्यायची आहे. चाळीस वर्षांत जेवढं उभं राहिलं तेवढंच पुन्हा पाच वर्षांत उभं करायचं, तर कारखान्यांतला कचराही त्याच वेगाने वाढेल. आज प्रकल्पांचे लिलाव प्रति युनिट दरावर ठरतात. त्याच निविदेत पुरवठादाराकडून आणखी एक आकडा मागता येईल. प्रत्येक पात्यामागे किती किलो माल विकत घेतला आणि त्यातला किती पात्यात गेला? हा आकडा शोधायला नवं संशोधन नको. मालाची बिलं खरेदी विभागात असतात, तयार पात्याचं वजन गुणवत्ता तपासणीत नोंदलेलं असतं, आणि कचऱ्याची गाडी वजनकाट्यावरूनच फाटकाबाहेर पडते.